भरलेली बोट एकाएकी का बुडते?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत १७ जुलै २०२५ रोजी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानाचं आमंत्रण आलं तेव्हा कमिटीची अपेक्षा होती की मी नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यावर बोलेन. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला लोक दुसरं काही विचारत नाहीत. पण तारीख नेमकी १७ जुलै मिळाली. आपल्या लालबाग, परळ, गिरगावातल्या जुन्या माणसांना ही तारीख काही वेगळी सांगावी लागत नाही. म्हणून मी म्हटलं, आज बोटीवर बोलतो. नॉमिनेशनचा मुद्दा त्यातही येणारच आहे, काळजी नसावी.

विषयाला निमित्त मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या एका कॉलेजकुमाराचं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये इटलीजवळ एक आलिशान यॉट बुडाली. लिफ्टमध्ये त्याने मला विचारलं, "आजोबा, एवढी कोट्यवधींची बोट, किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभी, ती काही मिनिटांत बुडते कशी? टायटॅनिकलासुद्धा अडीच तासांच्या वर लागले होते." प्रश्न चांगला होता. चौथ्या मजल्यापर्यंत उत्तर देता येण्यासारखं नव्हतं, ते आज देतो.

मी इंजिनीअर नाही, साधा बी.कॉम. आहे. पण नोकरीत चार वर्षं रायगड जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या शाखेत होतो. मच्छीमार ट्रॉलरला कर्ज द्यायचं तर बोट तारण, आणि तारण म्हटलं की पाहणी आली. तिथे एका म्हाताऱ्या तांडेलाने मला बोट कशी पाहायची ते शिकवलं. मी इंजिन, जाळी, रंग बघत होतो. तो म्हणाला, "साहेब, ते नंतर. आधी बघा वजन कुठं बसलंय आणि पाणी आत शिरायला वाट कुठंकुठं आहे." पुढे या विषयावर जे जे वाचलं ते सगळं शेवटी या दोन वाक्यांवर येऊन बसलं.

लहान मुलांची एक बाहुली असते, पाडली तरी उठून बसणारी. तिच्या बुडात वजन असतं म्हणून ती उठते. बोटीचं थोडंफार तसंच आहे. बोट कलली की तिची एक बाजू पाण्यात जास्त जाते, पाणी त्या बाजूला वर ढकलतं, आणि बोट पुन्हा सरळ होते. लाटांवर बोट डुलते ती यामुळेच, डुलणं हे काही वाईट लक्षण नाही. फरक एवढाच की बाहुलीला मर्यादा नाही, बोटीला आहे. एका ठरावीक कोनापर्यंत कलली तर ती परत येते. त्याच्या पुढे गेली की जे पाणी तिला सरळ करत होतं तेच तिला उलटं करायला लागतं. मधली अवस्था नसते. म्हणून 'एकाएकी'. बघणाऱ्याला वाटतं लाटेने गिळली, पण लाट फक्त शेवटचा धक्का देते.

आता ती यॉट. नाव 'बेझियन', लांबी ५६ मीटर, २००८ साली इटलीत बांधलेली. ब्रिटनचे एक मोठे सॉफ्टवेअर उद्योजक, माइक लिंच, यांच्या कुटुंबाची. संभाव्यतेच्या गणितावर त्यांनी पैसा कमावला, त्याच गणिताचं नाव बोटीला. अमेरिकेत त्यांच्यावर फसवणुकीचा मोठा खटला चालला, जून २०२४ मध्ये ते निर्दोष सुटले, आणि त्या आनंदात मित्रमंडळींना घेऊन सफरीला निघाले होते. सिसिली बेटाजवळ पोर्तिचेल्लो नावाच्या कोळ्यांच्या गावासमोर नांगर टाकलेला. बोटीवर बावीस माणसं.

या बोटीची डोलकाठी एकच, आणि ती ७२ मीटर उंच. आपल्या बिल्डिंगला सात मजले आहेत. अशा तीन बिल्डिंगी एकावर एक ठेवल्या तरी ती काठी वर उरेल. तळाला खाली-वर होणारा एक जड पंखा होता. तो खाली सोडला की बोट पाण्यात सुमारे दहा मीटर खोल जायची, वर घेतला की चार मीटर. त्या रात्री तो वर घेतलेला होता. शिडं गुंडाळलेली होती.

१९ ऑगस्टला पहाटे तीन वाजता वारा जेमतेम ८ नॉट. पावणेचारनंतर ढग जवळ आले, खलाशाने पुढच्या खिडक्या-झाकणं बंद केली. नांगर सरकायला लागला, कप्तानाला उठवलं. चार वाजून सहा मिनिटांनी वारा एकदम ७० नॉटच्या वर गेला. हिशोब मांडतो, सवय जात नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. आठाचे सत्तर झाले म्हणजे वेग पावणेनऊपट, आणि जोर पाऊणशेपटीच्या वर. हा जोर त्या उंच काठीवर आणि बोटीच्या कुशीवर बसला. पंधरा सेकंदांच्या आत बोट पूर्ण आडवी झाली. जनरेटर बंद पडले. तोपर्यंत आत पाणी नव्हतं. बोट आडवी झाल्यावर ते कठड्यावरून आलं आणि जिन्यांवाटे खाली खोल्यांत शिरलं. सात जण गेले, त्यांत स्वतः लिंच आणि त्यांची अठरा वर्षांची मुलगी. पंधरा जण तराफ्यावर चढले, त्यांना शेजारी नांगरलेल्या दुसऱ्या एका शिडाच्या बोटीने उचललं. तीही त्याच वादळात होती, आणि तिला काही झालं नाही.

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास खात्याचा अंतरिम अहवाल या मे महिन्यात आला. त्यात दोन आकडे आहेत. डोलकाठी म्हणजे घड्याळाचा काटा समजा. बारावर उभी, तीनवर आडवी. त्या रात्रीच्या स्थितीत बोट ७०.६ अंशांपर्यंतच परत येऊ शकत होती, म्हणजे काटा दोन आणि अडीचच्या मधे. आणि कुशीवर ६३.४ नॉटच्या पुढचा वारा बसला तर ती उलटू शकत होती. हे आकडे बोट बुडाल्यावर काढले. बोटीवर जी स्थैर्याची पुस्तिका होती, तिच्यात ही स्थिती धरलेलीच नव्हती. तळाचा पंखा खाली सोडायचा नियम होता तो शिडं उभारल्यावर किंवा किनाऱ्यापासून फार दूर गेल्यावर. म्हणजे खलाशांनी पुस्तकाबाहेर काही केलं नव्हतं. मी पस्तीस वर्षं फायली तपासल्या आहेत. कागद पूर्ण आणि खातं बुडीत, अशी प्रकरणं भरपूर पाहिली. म्हणून या अहवालातल्या बाकी सगळ्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त लागली.

हे झालं परक्याचं. आता आपल्याकडे येऊ.

'रामदास' बोटीची लांबी १७९ फूट, म्हणजे जवळजवळ त्या यॉटएवढीच, रुंदी २९ फूट. १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वॉन हंटरच्या गोदीत बांधलेली. टायटॅनिकची माणसं ज्या 'कार्पेथिया'ने वाचवली, ती याच कारखान्याची. म्हणजे बोट काही मोडकी-तोडकी नव्हती, अकरा वर्षांचीच होती. चालवणारी कंपनी स्वदेशी, लोकांच्या तोंडी तिचं नाव 'माझी आगबोट कंपनी'. साहेबांच्या शेफर्ड कंपनीशी टक्कर द्यायला निघालेली, बोटींना संतांची नावं देणारी. १९२७ च्या नोव्हेंबरात याच कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी वादळात गेल्या होत्या.

१७ जुलै १९४७. गुरुवार होता, आजही गुरुवारच आहे. आषाढातली अमावास्या तोंडावर. गिरण्यांतला माणूस गटारीला गावी निघालेला, हातात बाजारहाट, पोरांना खाऊ. सकाळी आठच्या सुमाराला रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटली. दीडेक तासाचा प्रवास. वर सातशेच्या आसपास माणसं.

धक्का सोडून बोट दक्षिणेला निघाली की थोड्या वेळाने मुंबईची आड संपते. उजव्या हाताला मोकळा अरबी समुद्र येतो. रेवसला जायचं तर तोंड दक्षिणेकडेच ठेवायला लागतं, आणि पावसाळ्यातली लाट येते नैऋत्येकडून. म्हणजे नेमकी कुशीवर. तुमच्यापैकी ज्यांनी पावसाळी हवेत मांडव्याचा प्रवास केलाय त्यांना ती जागा बरोबर कळते, गप्पा तिथे बंद होतात. त्या दिवशी तिथे पाऊस आणि वारा वाढला. काश्याच्या खडकाजवळ बोटीला मोठी लाट बसली, डेकवर पाणी आलं, आरडाओरडा झाला, माणसं एका बाजूला धावली, आणि बोट उलटली. धक्का सोडून पाऊण तासही झाला नव्हता.

तांडेलाची दोन वाक्यं आता लावून बघा. वजन कुठं बसलंय? लोखंड, कोळसा, माल हे वजन जागचं हलत नाही. माणूस हलतो. लाटेचा मार उजवीकडून आला की तो डावीकडे सरकणार, त्यात त्याचा काय दोष? त्यांतले चारशे जण सरकले धरा, माणशी पन्नास किलो, तर वीस टन झाले. एकोणतीस फुटांच्या बोटीत वीस टन वजन दहा-बारा फूट बाजूला गेलं, तेही वरच्या डेकवर, आणि नेमकं बोट कललेली असताना. पुढची लाट आल्यावर परत यायला तिच्याकडे काही उरतच नाही. पाणी शिरायची वाट? प्रवासी बोट म्हणजे सगळीकडून उघडी. आणि डेकवर पाणी साचलं की तेही माणसासारखंच उताराकडे धावतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच कडेला जातं आणि हाताला ओढ लागते. शिवाय पावसाळ्यात डेकच्या बाजूंना ताडपत्र्या ओढलेल्या असायच्या. पावसासाठी ठीक, पण वारा धरायलाही त्याच, आणि बोट उलटल्यावर माणसाला आत कोंडायलाही त्याच.

आमच्या चाळीत मात्र दुसरं ऐकत मी मोठा झालो. "अवसेला निघाले, दुसरं काय होणार." अहो, अमावास्या वर्षात बारा येतात, अधिक महिन्यात तेरा. उधाण असतं हे खरं, पण दर अमावास्येला बोट बुडत नाही. दैवावर घातलं की एक सोय होते, पुढे कोणाला काही विचारायचं राहत नाही. त्यात महिन्याभरात स्वातंत्र्य आलं, फाळणीच्या बातम्या आल्या, आणि लालबाग-परळच्या, गिरगावच्या खोल्यांतलं रडणं वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेलं.

सहाशेच्या वर माणसं गेली, आणि मुंबईला त्याचा पत्ता संध्याकाळी पाचच्या सुमाराला लागला. बोटीवर वायरलेस नव्हता. रेवसला वाटलं असणार, हवा खराब म्हणून सुटलीच नसेल. भाऊच्या धक्क्यावरच्यांना वाटलं, पोचली असेल. एक दहा-बारा वर्षांचा पोरगा तरंगत गेटवेपाशी लागला, त्याच्या तोंडून शहराला कळलं. दिवसभर शोधायला कोणी निघालं नाही कारण शोधायचं आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. जे थोडे वाचले, त्यांतल्या बऱ्याच जणांना रेवसच्या कोळ्यांनी काढलं. मासळी घेऊन ते मुंबईला निघाले होते. त्यांनी भरलेली मासळी समुद्रात टाकली आणि बोटीत माणसं घेतली. मासळीचं कर्ज देणारा माणूस म्हणून सांगतो, एका फेरीची मासळी म्हणजे त्या घराचा पुढचा आठवडा असतो.

आमच्या खोलीतले माझे थोरले काका त्या बोटीवर होते. समोरच्या खोलीतले दोघे होते. हे मला कळतं ते ऐकून, मी १९५० चा. पण त्यानंतरचं मला आठवतं. काका बोटीवर होते हे सिद्ध कसं करायचं? तिकिटावर नाव नसतं. प्रेत मिळालं नाही. काकू गिरणीतली बाकी मागायला गेली तर तिथला कारकून म्हणाला, तिकीट दाखवा. तिकीट काकांच्या खिशात होतं. पोस्टातल्या पासबुकाची तीच गत. आजीने तर ते मान्यच केलं नाही. कोणीतरी पोहत लागला असेल, कुठल्या तरी गावात असेल, येईल. बारा वर्षं काकू कुंकू लावत होती. १९५९ साली घरात पालाशविधी झाला, गवताचा देह करून. मी नऊ वर्षांचा होतो. त्या दिवशी आजी पहिल्यांदा मोठ्याने रडली, असं आई सांगायची.

कायदा सात वर्षं म्हणतो. सात वर्षं ज्याची खबरबात नाही तो मेला असं धरता येतं. मी शाखेत असताना बेपत्ता माणसाच्या खात्याचं प्रकरण आलं की बाईला समोर बसवून चहा मागवायचो आणि मगच कागद काढायचो. माझ्या सहकाऱ्यांना ते जरा जास्त वाटायचं. आता सांगतो, का ते.

अशा बोटी आणखीही आहेत. १८८८ च्या नोव्हेंबरात 'वैतरणा', जिला विजेचे दिवे होते म्हणून लोक 'वीजळी' म्हणायचे, ती मांडवी-द्वारकेहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेच्या वर माणसांसकट गेली. लाकडाची फळी मिळाली नाही. चौकशीत निघालं की होड्या आणि जॅकेटं पुरेशी नव्हती. अगदी अलीकडे, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ कामगार-कर्मचारी होते, त्यांतले सत्तरच्या आसपास गेले. तो प्रकार मात्र वेगळा. नांगर तुटले, तराफा तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आदळला, भोक पडलं आणि काही तास घेऊन तो बुडाला. तिथे वेळ मिळाला, नौदल पोचलं, म्हणून बाकीचे वाचले. रामदासला आणि बेझियनला वेळच नव्हता. म्हणून मी म्हणतो, उलटणाऱ्या बोटीवर जे करायचं ते आधीच केलेलं असलं पाहिजे, बोट कलल्यावर जॅकेट शोधून होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाच्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा माणसं गेली, त्यानंतर जॅकेट सक्तीचं झालं. ते आधीही बोटीत असायचं, छताला बांधलेलं. गाठ सुटायची नाही अशी.

सेक्रेटरी घड्याळ दाखवत आहेत. एक शेवटचं, व्यवहाराचं.

आपली रौप्यमहोत्सवी सहल डिसेंबरात मांडवा-अलिबागला जाते आहे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने जायचं ठरलं आहे, चांगली मोठी बोट आहे, हवाही तेव्हा शांत असते. कोणी घाबरू नये, मी स्वतः नाव दिलं आहे. फक्त तीन विनंत्या. डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका कठड्याला जाऊ नये, डॉल्फिन दुसऱ्या बाजूलाही येतो. जॅकेट कुठे आहे ते बसल्याबसल्या बघून घ्यावं, लहान मुलांचं वेगळं असतं. आणि निघायच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींकडे एक कागद द्यावा, दोन प्रतींत. एक प्रत बरोबर, एक इथे वॉचमनच्या केबिनमध्ये. त्यावर प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, जाण्याची बोट, येण्याची बोट, आणि घरी राहिलेल्या एका माणसाचा फोन नंबर. ऐनवेळी कोणी येणार नसेल तर नाव खोडायचं, कोणी वाढलं तर लिहायचं. पाटी आणि पेन मी आणतो.